शाळेचा चार्ज आणि पहिलीचा वर्ग

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या झेडपी शाळांना मुख्याध्यापक नसतो, हे शहरातल्या लोकांना सांगितलं की पटकन खरं वाटत नाही. पण कायदाच तसा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर मुलं असतील तर मुख्याध्यापकाचं पद, आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर. आता वाडीवस्तीवर १५० मुलं कुठून आणायची, तिथे वीस असतात, तीस असतात, बरी शाळा असेल तर साठ. मग जो सेवेत सगळ्यात जुना त्याच्याकडे 'चार्ज' येतो, तो स्वतःचे दोन वर्ग शिकवतो आणि त्यातूनच शाळाही चालवतो. मी पण अशीच चार्ज सांभाळणारी बाई आहे आणि माझ्यासारखे हजारो जण राज्यभर आहेत, त्यामुळे शिक्षणातलं नेतृत्व वगैरे विषय निघाला की माझ्या डोळ्यांसमोर केबिनमधला हेडमास्तर येत नाही, हातात खडू असलेला आणि खिशातला फोन सारखा वाजत असलेला माणूस येतो. मला मुळात बोलायचंय ते पहिलीचा वर्ग कोणाकडे द्यायचा यावर, पण त्याआधी चार्ज म्हणजे काय ते सांगते.

चार्ज घेताना आपल्याला काय मिळतं ते बघा. जनरल रजिस्टर, डेड स्टॉक रजिस्टर, कॅशबुक, बँकेचं पासबुक, पोषण आहाराच्या वह्या, तांदळाचा शिल्लक साठा, गॅसच्या पावत्या, यु-डायस आणि सरल आणि शालार्थ या शाळेची माहिती आणि पगार भरायच्या सरकारी पोर्टलचे पासवर्ड. सगळं मोजून सह्या करून घ्यायचं. या सगळ्यात कुठल्या मुलाला वाचता येतं, कोण कुठल्या अक्षरापाशी अडकलंय, कोणाला हातच्याची वजाबाकी समजली नाही हे सांगणारा एक कागद नसतो. खुर्च्या किती आहेत ते कळतं, वाचणारी मुलं किती आहेत ते कळत नाही. मला वाटतं आपल्या शाळांमधला नेतृत्वाचा प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण ज्याच्याकडे चार्ज आला त्याला पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं जातं की तुझं काम म्हणजे रेकॉर्ड.

असर म्हणजे गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणारं सर्वेक्षण, त्याचे आकडे दरवेळी पेपरात येतात आणि दोन दिवस आरडाओरडा होऊन विसरले जातात. असर २०२४ प्रमाणे देशभरातल्या सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, २०२२ मध्ये कोविडनंतर तोच आकडा १६.३ होता. म्हणजे सुधारणा आहे, चांगली आहे, पण तरी चारातली तीन मुलं तिसरीत येऊनही दुसरीचं वाचत नाहीयेत. माझं म्हणणं असं की हा आकडा देशाचा म्हणून वाचून काही होत नाही, तो आपल्या शाळेचा किती आहे हे ज्याच्याकडे चार्ज आहे त्याला पाठ पाहिजे, नावानिशी पाहिजे.

आणि हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण मुलं फसवतात असं मी म्हणणार नाही, पण आपण फसतो. चौथीतली एक मुलगी आमच्याकडे धडा इतका खणखणीत वाचायची की पाहुणे आले की तिलाच उभं करायचे. एकदा मी सहज तिच्या पुस्तकाच्या पानावर हात ठेवला तर ती वाचतच राहिली. सगळा धडा तोंडपाठ. त्याच धड्यातला 'पाऊस' हा शब्द दुसऱ्या पुस्तकात दाखवला तर नाही आला. घरी तिच्या मोठ्या भावाने धडे म्हणून दाखवलेले, कान तयार, स्मरणशक्ती जबरदस्त, फक्त अक्षराशी ओळखच झालेली नाही. अशी मुलं प्रत्येक शाळेत आहेत आणि ती वर्गात उभं करून वाचायला लावून सापडत नाहीत, एकेकाला बाजूला घेऊन, कधी न पाहिलेला चार ओळींचा मजकूर देऊन, शेजारी बसून ऐकावं लागतं. आमच्या शाळेत आता चार्ज असणाऱ्याने म्हणजे मी प्रत्येक मुलाचं वाचन स्वतः ऐकायचं असं ठरलंय, माझ्या वर्गातली असोत की दुसऱ्या. एका वहीत नाव, तारीख आणि एक ओळ. 'जोडाक्षरापाशी थांबतो.' 'शब्द ओळखते, वाक्याचा अर्थ सांगत नाही.' ही वही कुठल्याच ॲपवर जात नाही आणि कोणी मागतही नाही, पण शाळेतलं सगळ्यात कामाचं रेकॉर्ड तेच आहे.

पातळीप्रमाणे गट करून शिकवायचं हे आता सगळ्यांना माहीत झालंय, पण त्याचा इतिहास फार कमी शिक्षकांना माहीत असतो म्हणून जरा सांगते. 'प्रथम' संस्था मुंबईच्या वस्त्यांमध्ये ९० च्या दशकात सुरू झाली, त्यांच्या 'बालसखी' कार्यक्रमात वस्तीतलीच एखादी शिकलेली ताई मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवायची. २००१ ते २००४ या काळात मुंबई आणि बडोद्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला आणि मुलं खरंच पुढे जातात असं दिसलं. (या दोघांना मायकल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते माहीत असेलच.) पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. हीच पद्धत सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण देऊन, साहित्य देऊन नेहमीच्या शाळेत सोडून दिली तेव्हा बिहार आणि उत्तराखंडात फारसं काही झालं नाही. साहित्य कपाटात राहिलं, शिक्षक अभ्यासक्रम संपवायच्या मागे लागले. मग २०१२-१३ ला हरियाणात वेगळं केलं. रोजचा एक तास फक्त यासाठी राखून ठेवला, त्या तासात मुलं इयत्तेप्रमाणे नाही तर पातळीप्रमाणे बसली, आणि शाळाभेटी देणारे जे साधनव्यक्ती होते त्यांना आधी स्वतः दोनतीन आठवडे वर्गात जाऊन ही पद्धत शिकवायला लावली, मग शिक्षकांना मदत करायला पाठवलं. तिथे मुलांचं भाषेतलं वाचन सुधारलं.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं की अरे, आपण आयुष्यभर हेच तर म्हणतोय. ज्याने स्वतः ती पद्धत मुलांसमोर वापरली नाही तो मला काय सांगणार? प्रशिक्षणाला जातो तेव्हा पहिल्या तासातच कळतं समोरचा माणूस वर्गातून आलाय की पीपीटीतून आलाय.

तर आमच्याकडेही रोजचा एक तास आहे. तिथे पहिली-दुसरी-तिसरी-चौथी असं काही नसतं, शाळेत मी आणि एक सर असे दोघेच शिक्षक, अक्षर-शब्दवाले त्या सरांकडे, वाक्य-उताऱ्यावाले माझ्याकडे, आणि जी मुलं सलग वाचतात ती व्हरांड्यात आपापली गोष्टीची पुस्तकं घेऊन. हा तास बसवणं हे खरं नेतृत्वाचं काम निघालं, कारण सरांना आपला वर्ग सोडून दुसऱ्या वर्गाची मुलं घ्यायची म्हणजे 'माझी मुलं' ही भावना थोडी बाजूला ठेवावी लागते, पालकांना समजावावं लागतं की चौथीचा मुलगा दुसरीच्या मुलाशेजारी बसला म्हणजे त्याचा अपमान नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तो तास वाचवावा लागतो. फोनपासून वाचवावा लागतो. ग्रुपवर 'तात्काळ माहिती सादर करा, विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील' हा मेसेज नेमका तेव्हाच येतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम लावायचं नाही, पण माहिती भरणं हे कोणी काम म्हणून धरतच नाही ना. मी आजूबाजूच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुख सरांना आधीच सांगून ठेवलंय की या तासात आमचे दोघांचे फोन कपाटात असतात, मधल्या सुट्टीत बघू, माहिती दुपारी मिळेल. केंद्रप्रमुख समजूतदार आहेत, हो म्हणाले. आजवर त्यामुळे काही अडलेलं नाही. ज्यांचे वरिष्ठ ऐकत नाहीत त्यांचं अवघड आहे हे मला माहीत आहे, म्हणून मी म्हणते की हा तास वाचवायचा आदेश वरूनच यायला हवा, चार्ज असलेल्या शिक्षकाच्या हिमतीवर ठेवायला नको.

आता वर्गभेटीविषयी. भेटीला आलेले अधिकारी अभिप्राय लिहितात त्या आपल्या शेरेवह्या उघडून बघा कधी. 'शाळेस भेट दिली. परिसर स्वच्छ. उपस्थिती समाधानकारक. परिपाठ उत्तम. विद्यार्थी चुणचुणीत.' वर्षानुवर्षं तेच शब्द, फक्त सही बदलते. यातून शिक्षकाला उद्या सकाळी काय वेगळं करायचं ते कळत नाही. राज्यात ४८६० केंद्रं आहेत, प्रत्येक केंद्रप्रमुखाकडे दहा-बारा किंवा त्याहून जास्त शाळा, कितीतरी पदं रिकामी म्हणून एकाकडे दोन केंद्रांचा भार, तरी पण भेट दिलीच आहे तर त्यातला अर्धा तास मागच्या बाकावर बसून घालवला तर केवढा फरक पडेल. पुढे उभं राहून मुलांना 'भारताची राजधानी कोणती' विचारू नका, मागे बसा आणि एका मुलाची वही बघा.

जपानमध्ये शिक्षकांची एक जुनी पद्धत आहे, एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे बघतात, आणि नंतर मुलांनी काय केलं यावर बोलतात. शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहे. आमच्या केंद्रातल्या एका ज्येष्ठ बाईंनी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सुचवलं की आपण परिपत्रकांचं वाचन, चहा आणि ग्रुप फोटो यापेक्षा हे करून बघू. सुरुवातीला कोणी तयार होईना, कारण आपल्याकडे वर्गात दुसरं कोणी बसलं म्हणजे तपासणी, आणि तपासणी म्हणजे चुका काढणं हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय. शेवटी केंद्रप्रमुख सर म्हणाले पहिला पाठ मी घेतो. तिसरीला हातच्याची वजाबाकी. सरांना वर्गात शिकवून बरीच वर्षं झालेली, फळ्यावर अक्षर जरा वाकडं येत होतं, पण त्यांनी घेतला, आणि त्या दिवसापासून कोणी नाही म्हणालं नाही. नियम एकच ठेवला, शिकवणाऱ्याविषयी एक शब्द बोलायचा नाही, प्रत्येकाने दोन-तीन मुलांजवळ बसायचं आणि ती काय करतात तेवढं लिहायचं.

त्या पाठात माझ्या वाट्याला आलेल्या मुलाने ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहिलं. तुमच्यापैकी जे तिसरीला शिकवतात त्यांना लगेच कळलं असेल, २ मधून ७ जात नाहीत म्हणून त्याने ७ मधून २ घालवले. फळ्यावर सरांनी बरोबर सोडवल्यावर त्याने खोडून २५ लिहिलं आणि पुढचं उदाहरण ५३ वजा २८, परत ३५. म्हणजे उतरवणं झालं, समजणं झालंच नाही, आणि समोरून बघणाऱ्याला वही बरोबर दिसली असती. चर्चेत निघालं की काड्यांचे दशकाचे गठ्ठे होते, पण ते सरांच्या टेबलावर होते आणि सोडले सरांनी. गठ्ठ्याचं रबर मुलाने स्वतःच्या हाताने काढलं पाहिजे, दहा सुट्या काड्या समोर पसरल्या पाहिजेत, मग त्यातून ७ काढायच्या. एवढीशी गोष्ट. पण त्या दिवशी दहा-बारा शाळांमधले शिक्षक ही एवढीशी गोष्ट घेऊन घरी गेले आणि मला माहितीये की कितीजणांनी दुसऱ्या दिवशी रबर आणि काड्या विकत आणल्या.

याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याजवळचं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालचा शाळांचा गट. प्रतिभा भराडे मॅडम तिथे विस्तार अधिकारी होत्या आणि ज्ञानरचनावादावर (मूल स्वतः करून बघत, अनुभवातून शिकतं हा विचार) त्यांच्या बीटमधल्या शाळांनी जे काम केलं ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जात होते, २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या काळात तर रीघ लागली होती. परत आल्यावर काय झालं, तर गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. चौकोन, गोल, अंक, मुळाक्षरं, ऑइलपेंटमध्ये. फरशी रंगवणं वाईट नाही, मुलं त्यावर खेळतात, शिकतात. पण फरशीचा फोटो काढता येतो, आणि कुमठ्याला जे खरं चालत होतं, म्हणजे एक अधिकारी बाई स्वतः मुलांमध्ये बसते, शिक्षकांशी मूल कसं शिकतं यावर पुन्हा पुन्हा बोलते, त्याचा फोटो येत नाही. कितीतरी ठिकाणी रंग उडाला तशी पद्धतही गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता ज्या विषयासाठी मुळात लिहायला बसले तो. वर्गवाटप.

जूनमध्ये शाळा सुरू होताना कोणता वर्ग कोणाकडे हे चार्ज असणारा ठरवतो, आणि माझ्या मते वर्षभरातला त्याचा सगळ्यात मोठा निर्णय हाच. बहुतेक शाळांत काय होतं? वरच्या वर्गाला शिष्यवृत्ती असते, नवोदय असतं, निकाल लागला की पेपरात फोटो येतो, म्हणून अनुभवी शिक्षक वर. आणि पहिली कोणाकडे, तर जो नवीन आलाय त्याच्याकडे, किंवा ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेला पोरगा, स्वतःच्या जिल्ह्यापासून लांब, पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून १६००० मानधन (२०२३ च्या आधी तर ६००० होतं), खोली भाडं, गाडीचं पेट्रोल, आणि त्याच्या हातात सहा वर्षांची अशी मुलं ज्यांच्या घरी पावरी बोलतात, अहिराणी बोलतात, गोरमाटी बोलतात. मूल बोलत नाही म्हणून त्याला वाटतं मूल मंद आहे, आणि मूल गप्प कारण बाई-गुरुजी काय म्हणतात तेच कळत नाही.

पहिलीला वाचायला शिकवणं हे प्राथमिक शिक्षणातलं सगळ्यात कौशल्याचं काम आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन बाईंनी आयुष्य घातलं या कामात, अमेरिकेतून आलेल्या, भारताच्या नागरिक झाल्या, प्रगत शिक्षण संस्था उभी केली, आणि दाखवून दिलं की अख्खी मुळाक्षरं घोटत बसायची गरज नाही, थोडी अक्षरं आणि काना घेतला की लगेच अर्थाचे शब्द वाचता येतात, आणि शब्द वाचता आला की मुलाचा चेहरा बदलतो. पालघरमध्ये वाड्याजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर सरांची क्वेस्ट संस्था आदिवासी मुलांसोबत भाषेचंच काम कित्येक वर्षं करतेय. म्हणजे ज्ञान मराठीत आहे, आपल्या मातीतलं आहे, फक्त ते पहिलीच्या वर्गावर उभ्या असलेल्या नवीन पोराला कोणी नेऊन देत नाही.

म्हणून आमच्याकडे पहिली मी घेते. चार्ज आहे म्हणूनच घेते. पहिल्या वर्षी शाळेतल्या माझ्या सहकारी सरांना आणि गावालाही विचित्र वाटलं, कारण हेडबाई म्हणजे चौथी असं सगळ्यांनी धरलेलं. पण पहिलीत मूल वाचायला लागलं तर चौथीपर्यंतचं निम्मं ओझं उतरतं, आणि सरांनी माझा वर्ग शेजारी बसून पाहिला तर पुढच्या वर्षी पहिली ते घेऊ शकतात. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टही हेच आहे, २०२१ ला सुरू झालं तेव्हा २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता आणि गणिताचं मूलभूत यावं असं ठरलं. मग शाळेतला सगळ्यात मुरलेला माणूस पहिली-दुसरीला नको का?

यात आयांची केवढी मदत होते ते सांगायलाच पाहिजे. 'पहिले पाऊल' अभियानात शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले, माता गट तयार झाले, काही गावांत ते मेळाव्यापुरतेच राहिले पण आमच्या वस्तीवर टिकले. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, पण सभेत त्या सही करून गप्प बसायच्या. गटात मात्र बोलतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं आजीकडे ठेवायची का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का, हे आता समितीच्या सभेत त्याच काढतात. मूल गेलंच तर तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आधी मागून घेतात.

आणि एक काळजी आहे जी मला सतत असते, बदली. आपल्याकडच्या नावाजलेल्या शाळा बघा. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार, दहा लाख डॉलर मिळाले आणि निम्मे बाकीच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटून टाकले. दत्तात्रय वारे गुरुजी, आधी शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी, मग खेड तालुक्यातलं जालिंदरनगर, आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत जालिंदरनगरला लोकांच्या पसंतीचा पुरस्कार. मला या माणसांचा अभिमान आहे. पण आपण त्यांच्याकडे चमत्कार म्हणून बघतो आणि तिथेच थांबतो. एक माणूस गेला की शाळा बसते असं ज्या शाळेत होतं तिथे ते काम त्या माणसापुरतंच होतं, आणि आपल्या व्यवस्थेत तो माणूस कधीतरी जाणारच.

माझंही नाव बदलीपात्र यादीत कधी ना कधी येणार. म्हणून गेल्या काही महिन्यांपासून वाचनाच्या नोंदींची वही सर लिहितायत, मी फक्त वाचते. माता गटाची बैठक समितीच्या अध्यक्ष ताई घेतात. पुढची शिक्षण परिषद आमच्या शाळेत आहे आणि पाठ सर घेणार आहेत, पहिलीला, काना असलेले शब्द. मी तेव्हा दुसऱ्या शाळांच्या शिक्षकांबरोबर मागे बसणार आहे, माझ्या वाटणीची दोन मुलं घेऊन.